पातळ पत्र्याला किती आच?

एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा वेल्डिंगने जोडताना दोन संकटे येतात. एक, पत्र्याला भोक पडते. दुसरे, पत्रा वाकतो. भोक तिथल्या तिथे दिसते आणि बुजवताही येते. वाक मात्र काम थंड झाल्यावर, पुष्कळदा क्लॅम्प सोडल्यावर उघड होतो, आणि तोवर जोड पक्का झालेला असतो. कपाटाचे दार चौकटीत बसत नाही, झाकण डुगडुगते, हॉपरची सपाट बाजू बोटाने दाबली की टक् करून आत जाते आणि सोडली की बाहेर येते. म्हणून पातळ पत्र्यासाठी वेल्डिंगची पद्धत निवडताना जोड किती मजबूत होईल यापेक्षा पत्र्यात किती उष्णता जाईल, हे आधी पाहावे लागते. पत्रा पातळ असला की मजबुती बहुतेक पद्धतींत मिळून जाते; सपाटपणा मिळत नाही.

जालन्यात या प्रश्नाला एक खास बाजू आहे. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवीन जालना अशा या शहराची ओळख पोलादाची आहे, पण ते पोलाद जाड आहे. इथले कारखाने भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट ओततात आणि बिलेट लाटून बांधकामाची सळई काढतात. पत्रा इथे लाटला जात नाही, तो बाहेरून येतो. महाराष्ट्रात वासिंद, तारापूर, कळमेश्वर इथे पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याचे मोठे कारखाने आहेत. गेट, ग्रिल, अँगल, चॅनेल, ट्रॅक्टरची ट्रॉली अशा कामांवर बसलेला हात जाड लोखंडाचा असतो. तोच हात तोच रॉड घेऊन कपाटाच्या किंवा धान्याच्या कोठीच्या पत्र्याला लागला की पत्रा वाकतो. जालन्याचा दुसरा मोठा धंदा बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही कंपनी स्थापन केली आणि त्यानंतर हे शहर देशातल्या बियाणे उद्योगाचे एक मुख्य केंद्र झाले. बियाणे वाळवणे, चाळणे, प्रतवारी करणे आणि पिशव्यांत भरणे या साखळीत हॉपर, नळ्या, घसरपट्ट्या, एलेव्हेटरची आवरणे लागतात, आणि ती सगळी पत्र्याची असतात. जाड लोखंडाच्या शहरात पातळ पत्र्याची गरज अशी भक्कम आहे.

पत्रा वाकतो त्याचे कारण असे. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी हजार अंशांनी तापवली आणि तिला मोकळे सोडले, तर ती साधारण १२ मिलिमीटरने लांब होईल. वेल्डिंगमध्ये तिला मोकळीक नसते. जोडालगतचा बोटभर रुंदीचा भाग लाल होतो आणि दोन्ही बाजूंचा पत्रा थंडच राहतो. तापलेला भाग पसरू पाहतो, थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. सहाशे अंशांच्या वर पोलाद इतके मऊ पडते की हा दाब त्याला पेलवत नाही, आणि ते लांबीत वाढण्याऐवजी जागच्या जागी जाड होते. गार होताना मात्र ते पुरेपूर आकसते. आता ते मूळच्यापेक्षा आखूड असते आणि शेजारच्या पत्र्याला आपल्याकडे ओढत राहते. उन्हात वाळत घातलेल्या पापडाच्या कडा आधी आकसतात आणि मधला भाग वाटीसारखा फुगतो, तसे कडेला वेल्डिंग केलेल्या पत्र्याचे होते. वेल्डिंग मधोमध असेल तर उलटे घडते: मध्य आकसतो आणि कडांना लाटा येतात.

जाड पाटीतही ही ओढ असतेच, पण पाटी तिला दाद देत नाही. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी झाली की विरोध आठवा हिस्सा उरतो. तीन मिलिमीटरच्या पाटीच्या तुलनेत एक मिलिमीटरचा पत्रा सत्तावीस पटींनी लेचापेचा असतो. दुकानात पत्रा गेजमध्ये मागितला जातो आणि गेजचा आकडा वाढतो तशी जाडी कमी होते: १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज १.२, २० गेज ०.९ आणि २२ गेज ०.७. गेजचे तक्ते एकाहून अधिक आहेत, शिवाय हाती येणारा पत्रा कधी कधी सांगितल्यापेक्षा पातळ निघतो. म्हणून पद्धत ठरवण्याआधी मायक्रोमीटर लावून जाडी मोजलेली बरी.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. यंत्राचे व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे दर सेकंदाला निघणारी ऊर्जा, आणि तिला हात पुढे सरकण्याच्या वेगाने भागले की जोडाच्या दर मिलिमीटरला किती ऊर्जा मिळाली ते कळते. तिचा थोडा भाग हवेत जातो, पण तुलनेला हा आकडा पुरतो. अडीच मिलिमीटरचा रॉड ७० अँपियर आणि २२ व्होल्टवर चालवला आणि हात सेकंदाला अडीच मिलिमीटर सरकला, तर दर मिलिमीटरला सहाशेवर जूल पडतात. सीओटू वेल्डिंगमध्ये ०.८ मिलिमीटरची तार ७० अँपियर आणि १७ व्होल्टवर, सेकंदाला साडेसात मिलिमीटर वेगाने चालली, तर तोच आकडा एकशे साठच्या आसपास येतो. अँपियर तेवढेच, तरी उष्णता पाव. फरक मुख्यतः वेगाने पडला. पातळ पत्र्याच्या बाबतीत लोक अँपियर कमी करण्यावर भर देतात आणि हात हळू नेतात. त्याने भोक टळते, पण वाक वाढतो.

वर्कशॉपात सर्वांत आधी हाताशी असते ते रॉडचे साधे आर्क वेल्डिंग. दीड मिलिमीटरपेक्षा जाड पत्र्यावर ते चांगल्या कारागिराच्या हाती निभावते. त्याखाली दोन मिलिमीटरचा रुटाइल रॉड, म्हणजे ६०१३ जातीचा, चाळीस ते साठ अँपियरवर चालवता येतो. डीसी इन्व्हर्टर असेल तर होल्डर ऋण टोकाला लावावा. या रॉडने अशा जोडणीत वितळ उथळ राहते आणि पत्रा फुटायचे प्रमाण घटते. जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरला ही सोय नाही. एक मिलिमीटर आणि त्याखालच्या पत्र्यावर रॉडने सलग शिवण घालणे म्हणजे वाकाला आमंत्रण, हे कितीही अनुभवी हात असला तरी खरे आहे.

ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची गॅस वेल्डिंग गाड्यांच्या डेंटिंगच्या कामात पिढ्यानपिढ्या चालत आली. तिची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते, पण ती पसरट असते आणि जोड वितळायला वेळ घेते. तेवढ्या वेळात आजूबाजूचा बराच पत्रा तापतो. वाक सर्वांत जास्त इथेच येतो. तरीही तिचा एक गुण आहे. गॅसचा जोड मऊ राहतो आणि हातोडी व ठोकळ्याच्या मध्ये ठोकून तो पुन्हा सपाट करता येतो. याच ज्योतीने पितळेच्या काडीने झाळले, तर पत्रा वितळवावा लागत नाही. नऊशे अंशांच्या आसपास काम होते आणि वाकही कमी येतो. चढवून ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या जोडाला, जिथे फार भार येणार नाही तिथे, झाळकाम आजही उत्तम आहे.

ज्याला वर्कशॉपात सीओटू म्हणतात त्या तारेच्या वेल्डिंगने पातळ पत्र्याचे काम सर्वांत जास्त सोपे केले. ०.८ मिलिमीटरची तार कमी व्होल्टेजवर सोडली की ती वितळत्या धातूला सेकंदाला अनेक वेळा टेकते आणि तुटते. दर टेकण्याला ठिणगी क्षणभर विझते आणि पत्र्याला उसंत मिळते. नुसत्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशी टक्के आर्गन आणि वीस टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण महाग पडते, पण त्यात शितोडे कमी उडतात आणि ठिणगी मवाळ राहते. पातळ पत्र्याचे काम रोजचे असेल तर ते वापरावेच. बाजारात बिनगॅसची तार चालवणारी स्वस्त यंत्रेही मिळतात. त्यांची पोकळ तार जास्त तापट असते, म्हणून १८ गेजपेक्षा पातळ पत्र्याला त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. सीओटूचा दोष एवढाच की जोड कडक आणि उंच होतो. तो ग्राइंडरने उतरवावा लागतो, आणि ग्राइंडर एकाच जागी दाबून धरला तर त्याच्या उष्णतेनेही पत्रा वाकतो.

टिग, म्हणजे आर्गन वेल्डिंग, सर्वांत नाजूक पद्धत म्हणून ओळखली जाते. पोलादाला जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण चाळीस अँपियर हा तिचा ढोबळ हिशेब. पायाच्या पेडलने करंट कमीजास्त करता येतो, जोड स्वच्छ दिसतो, आणि कडा नीट भिडलेल्या असतील तर काडी न घालताही त्या एकजीव होतात. म्हणून टिगने पत्रा वाकतच नाही असा समज पसरला आहे. तो पुरता खरा नाही. टिगचा हात हळू चालतो. ४० अँपियर आणि १० व्होल्टवर सेकंदाला दोन मिलिमीटर गतीने दर मिलिमीटरला दोनशे जूल पडतात, म्हणजे वेगाने चालवलेल्या सीओटूपेक्षा थोडे जास्तच. साध्या पोलादाच्या लांब सरळ जोडाला टिग घेतल्याने वाक वाचतोच असे नाही. लहान जोड, कोपरे, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि उघडी दिसणारी कामे हे तिचे क्षेत्र. स्पंदित करंटचे यंत्र असेल तर तिची आच आणखी कमी करता येते.

आणि मग स्पॉट वेल्डिंग. वाक टाळण्यात याला तोड नाही. तांब्याच्या दोन टोकांमध्ये एकावर एक ठेवलेले पत्रे दोनशे किलोच्या आसपास जोराने दाबले जातात आणि सुमारे आठ हजार अँपियरचा करंट फक्त पंचमांश सेकंद सोडला जातो. दोन पत्र्यांच्या मधोमध पाच मिलिमीटरभर व्यासाचा बिंदू वितळतो आणि दाबाखालीच गोठतो. एका बिंदूला हजार-दीड हजार जूल लागतात. दर पाच सेंटिमीटरला एक बिंदू धरला तर जोडाच्या मिलिमीटरमागे वीस-तीस जूलच पडतात, म्हणजे रॉडच्या विसाव्या हिश्श्याइतके. धूर नाही, काडी नाही, ग्राइंडिंग नाही. गोदरेजने मुंबईत १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली आणि पुढे गावोगावच्या कारागिरांनी तसली कपाटे घडवली. स्पॉट वेल्डिंगचे यंत्र असणाऱ्या आणि नसणाऱ्या वर्कशॉपचे कपाट दाराच्या सपाटपणावरून लांबूनच ओळखू येते. मर्यादा दोन: पत्रे एकावर एक चढवावे लागतात, आणि यंत्राच्या दोन्ही भुजा जोडापर्यंत पोहोचाव्या लागतात. विजेचा जोडभारही त्या क्षणापुरता मोठा लागतो.

अलीकडे हातात धरून चालवायचे लेसर वेल्डिंग आले आहे. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर त्याची गती सीओटूच्या कित्येक पट, जोडाची रुंदी अगदी कमी आणि वाक जवळजवळ नाही. पण त्याला कडा काटेकोर भिडलेल्या लागतात. कात्रीने कापलेला पत्रा चालत नाही. धोकाही वेगळा आहे. हा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि चकचकीत पत्र्यावरून परावर्तित होऊन दूर उभ्या असलेल्या माणसाची दृष्टी घालवू शकतो. वेल्डिंगची नेहमीची काळी काच त्याला पुरत नाही; त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा आणि बंदिस्त जागा या दोन्ही गोष्टी नसतील तर हे यंत्र दुकानात आणू नये.

पत्रा कोणत्या धातूचा, यानेही निवड बदलते. स्टेनलेस स्टील साध्या पोलादापेक्षा दीडपट पसरते आणि उष्णता तिसऱ्या हिश्श्यानेच वाहून नेते. आच जोडाजवळ साचते आणि वाक जास्त येतो; तिथे टिग, स्पॉट किंवा लेसर, आणि जोडाच्या मागून आर्गनचा झोत, नाहीतर मागची बाजू काळी व खरखरीत होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लागणाऱ्या कूलरचा जस्ती पत्रा तर शक्यतो वेल्ड करूच नये. जस्त ४२० अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, म्हणजे पोलाद वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ होऊन जाते. जोडालगतचा मुलामा जातो आणि पाणी साठणाऱ्या टाकीला नेमका तिथेच गंज धरतो. तो पांढरा धूर फुप्फुसात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने हा धूर बाधत नाही ही समजूत निराधार आहे. मोकळी हवा, धूर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क हाच उपाय. कूलरच्या टाकीला मुरड घालून रिव्हेट मारावेत आणि फटीत सीलंट भरावा. वेल्डिंगच करणे भाग असेल तर जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे आणि नंतर जस्तयुक्त रंग द्यावा.

यंत्र कोणतेही असो, अर्धे काम पत्रा कापताना आणि दुमडताना होते. बियाण्याच्या एका हॉपरचे उदाहरण घेता येईल: तोंड दोन फूट बाय दोन फूट, खाली निमुळता, पत्रा १८ गेज. चार बाजू सुट्या कापल्या तर चार कोपरे वेल्ड करावे लागतात. दोन-दोन बाजू एकाच पत्र्यातून दुमडून काढल्या तर जोड दोनच उरतात आणि निम्मी उष्णता वाचते. तोंडाला इंचभर कड बाहेर दुमडली की वरचा भाग ताठ होतो. इथे स्पॉट वेल्डिंग मोहात पाडते, पण चढवलेल्या पत्र्यांच्या फटीत एक दाणा अडकला तरी तो पुढच्या वाणाच्या लॉटमध्ये मिसळतो आणि बियाण्याची शुद्धता बिघडते. म्हणून आतून गुळगुळीत, सलग जोड हवा, आणि तो बाहेरच्या कोपऱ्याला सीओटूने घालावा.

कडा भिडवताना फट पत्र्याच्या निम्म्या जाडीहून जास्त नसावी. फट भरायला जास्त धातू लागतो, आणि जास्त धातू म्हणजे जास्त ओढ. आधी मधोमध एक टाका, मग दोन्ही टोकांना, मग त्यांच्या मध्ये, असे करत दर तीन-चार सेंटिमीटरला टाके मारावेत. एका टोकापासून ओळीने टाके मारत गेले की दुसऱ्या टोकाच्या कडा कात्रीसारख्या एकमेकींवर चढतात. त्यानंतर पाच सेंटिमीटरची शिवण एका कोपऱ्यावर, पुढची समोरच्या कोपऱ्यावर. दर तुकडा आधीच्या तुकड्याकडे येत संपावा, म्हणजे एकूण काम पुढे जाते आणि प्रत्येक शिवण मागे. मागच्या बाजूने तांब्याची जाड पट्टी घट्ट धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि वितळलेले पोलाद तांब्याला चिकटत नाही. हात लावता येईल इतका जोड निवाल्यावरच त्याच्या शेजारी पुढची शिवण घालावी. जिथे पाणी किंवा दाणा अडवायचा नाही, तिथे सलग वेल्डिंगची गरजही नसते. दहा सेंटिमीटरमागे अडीच सेंटिमीटरचा जोड बहुतेक चौकटींना पुरतो.

एवढे करूनही पत्रा फुगलाच तर तो उतरवता येतो. फुगवट्याच्या माथ्यावर नाण्याएवढा ठिपका ज्योतीने लाल करायचा, मागे ठोकळा धरून हातोडीने हलकेच बसवायचा आणि ओल्या फडक्याने निववायचा. तो ठिपका आकसतो आणि ढिला पत्रा ताणून घेतो. वाक देणारे आणि वाक काढणारे कारण एकच असल्याने हा उपाय चालतो. मात्र ठिपके फार झाले तर पत्रा नव्याने पिळतो.

नवीन जालन्यातल्या एखाद्या वर्कशॉपला २० ते १६ गेजच्या साध्या पोलादी पत्र्याची मिश्र कामे करायची असतील, तर पहिले यंत्र सीओटूचे, ०.८ च्या तारेचे आणि मिश्र गॅसचे घ्यावे. कपाटे, पेट्या, पॅनेल अशी एकसारखी कामे रोज निघत असतील तर दुसरे स्पॉट वेल्डिंगचे. टिग स्टेनलेससाठी, रॉड दीड मिलिमीटरच्या वरच्या कामांसाठी ठेवावा. यंत्र विकत घेण्याआधी रोजच्या वापरातल्या पत्र्याचे चार इंच रुंद आणि फूटभर लांब दोन तुकडे विक्रेत्याकडे न्यावेत, त्याच्याच यंत्रावर ते लांब कडेने जोडून घ्यावेत, पुरते गार होऊ द्यावेत आणि सपाट फरशीवर ठेवून त्यांवर पोलादी पट्टी आडवी-उभी लावून पाहावी. पट्टीखाली किती उजेड दिसतो ते पाहूनच पैसे मोजावेत.